नडगीला गार्ड आहे, दातांना का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर शालेय सामन्यांची छायाचित्रे येतात. ती पाहताना माझी नजर गोल कोणी केला याकडे नंतर जाते, आधी जाते ती मुलांच्या तोंडाकडे. मी दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डेंटिस्ट पेशंटच्या दातांचे माप घेऊन आमच्याकडे पाठवतात आणि त्यावरून आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या, प्लेट तयार करतो. खेळाडूंसाठी माउथगार्ड, म्हणजे खेळताना वरच्या दातांवर चढवायचे लवचीक कवच, तेही आम्हीच बनवतो. हॉकीच्या फोटोत गोलकीपर डोक्यापासून पायापर्यंत पॅडमध्ये असतो, इतरांच्या नडग्यांवर शिनगार्ड असतात आणि चेंडूवर झेपावताना सगळ्यांची तोंडे उघडी असतात. त्या उघड्या तोंडांत वरचे पटाशीचे दात स्वच्छ दिसतात. म्हणजेच त्यांच्यावर काहीही घातलेले नसते.

या पत्रात मला एकच गोष्ट मांडायची आहे. ज्या खेळांत चेंडू, काठी, कोपर किंवा डोके तोंडावर आदळू शकते, त्या खेळांत प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या दातांच्या मापावर बनवलेले माउथगार्ड हा किटचा भाग असायला हवा. आणि ते घातल्याशिवाय मैदानात उतरता येणार नाही, असा नियम शाळांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी करायला हवा. पालकांच्या मर्जीवर सोडून हे होत नाही. का होत नाही, ते आमच्या कामाच्या टेबलावर रोज दिसते.

टेबलावर येणाऱ्या मापांत शाळकरी मुलांच्या एका दाताच्या प्लेटची मापे असतात. एक दात पडलेला, तेवढाच खोटा दात गुलाबी ॲक्रिलिकच्या पातळ तळव्यावर बसवून द्यायचा. दिसायला छोटे काम, पण ते फार नेटाने करावे लागते. सात-आठ वर्षांच्या वयात येणाऱ्या कायमच्या पटाशीच्या दातांच्या कडेला तीन बारीक उंचवटे असतात, नव्या करवतीला असावेत तसे. चावून चावून ते पुढे झिजतात आणि कड सरळ होते. तयार मिळणारे खोटे दात मोठ्या माणसांच्या तोंडासाठी घडवलेले असतात, त्यांची कड सरळ असते. तसा दात दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात बसवला तर लांबूनही वेगळा दिसतो. म्हणून मी बर, म्हणजे कोरण्याचे बारीक फिरते हत्यार, घेऊन ते उंचवटे कोरते, कडेला थोडी निळसर पारदर्शक छटा येते का ते पाहते, शेजारच्या दाताशी पुन्हा पुन्हा ताडून बघते. हे काम कितीही चांगले जमले तरी मनात येतेच, की यापेक्षा सोपे काम गार्ड बनवायचे होते आणि ते आधी यायला हवे होते.

‘एक दात तर गेला, नवीन बसवता येतो’ असे पुष्कळ लोक म्हणतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. वाढत्या मुलाच्या बाबतीत नाही. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले कृत्रिम मूळ, बसवत नाहीत, कारण इम्प्लांट हाडाला घट्ट धरून एका जागी राहतो आणि आजूबाजूचे दात मात्र जबड्याबरोबर सरकत राहतात. काही वर्षांत इम्प्लांटवरचा दात शेजाऱ्यांपेक्षा वर अडकलेला, आखूड दिसू लागतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, करायचा तर दोन्ही बाजूंचे धडधाकट दात घासावे लागतात, आणि लहान वयात दाताच्या आतली नस मोठी असल्यामुळे तो मार्गही धोक्याचा. मग उरते काढघाल करायची प्लेट, किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला हलका दात. अकराव्या वर्षी दात गमावलेले मूल शाळेची उरलेली सगळी वर्षे असेच तात्पुरत्या उपायांवर काढते. मधल्या काळात रिकाम्या जागेचे हाड झिजत जाते, ते वेगळेच. पुढे इम्प्लांट करायची वेळ येते तेव्हा आधी हाड भरावे लागते.

दात पडला नाही, नुसता तुटला, तरी प्रकरण तिथे संपत नाही. कड उडाली असेल तर भरता येते. नस उघडी पडली असेल तर उपचार वाढतात. लहान मुलांत आणखी एक अडचण असते. पटाशीचा दात बाहेर आला तरी त्याचे मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण तीन वर्षे लागतात. तेवढ्यात नस मेली, तर मूळ अर्धवट, पातळ भिंतीचे राहते आणि असा दात पुढे साध्या धक्क्यानेही मुळाशी मोडू शकतो. मार लागलेला दात दिसायला ठीक असतो आणि काही महिन्यांनी करडा पडतो, हेही होते. त्यामुळे मार लागल्यावर दात जागच्या जागी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डेंटिस्टकडून तपासून घ्यावा आणि सांगितलेल्या तारखांना पुन्हा दाखवावा.

मार बसतो तो बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांवर. ते सगळ्यांत पुढे असतात, म्हणून पहिला फटका त्यांच्यावर. ज्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले असतात किंवा ओठ पूर्ण मिटत नाहीत, त्यांचा धोका आणखी वाढतो, कारण ओठांची उशीही मध्ये नसते. तारा लावून दात मागे घ्यायचे ज्या वयात ठरते, नेमक्या त्याच वयात मुले खेळात जोमाने उतरतात. पुढे आलेल्या दातांच्या मुलाला गार्ड सगळ्यात आधी मिळायला हवे.

आता गार्ड नेमके काय करते? बाजारात त्याची जाहिरात सगळ्यावरचा इलाज म्हणून होते, म्हणून स्पष्ट लिहिते. एका बिंदूवर बसलेला फटका गार्ड अनेक दातांवर पसरवते आणि त्यातला काही जोर स्वतः शोषून घेते. ओठ आणि गाल दातांपासून दूर ठेवते, त्यामुळे स्वतःच्याच दाताने ओठ फाटत नाही. हनुवटीवर खालून मार बसला तर खालचे दात वरच्यांवर आदळतात आणि दाढांचे कोपरे उडतात, तिथे ते मध्ये गादीसारखे राहते. जबड्यालाही त्याचा काही आधार मिळतो. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून ते वाचवते का, याबद्दलचे पुरावे मात्र मिश्र आहेत. म्हणून डोक्याला मार लागलेल्या मुलाने गार्ड घातले होते या आधारावर त्याला पुन्हा खेळायला सोडू नये. दातांपुरते बोलायचे तर शंका नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका आढाव्यात असे दिसले, की गार्ड न घालणाऱ्यांना तोंड-दातांची दुखापत होण्याचा धोका घालणाऱ्यांच्या १.६ ते १.९ पट असतो.

पण ‘गार्ड’ म्हणून जे विकले जाते ते सगळे एकसारखे नसते. एक प्रकार तयार मापाचा. पाकिटातून काढायचा आणि तोंडात घालायचा. तो कशालाच धरून बसत नाही. तोंड मिटून दातांखाली दाबून ठेवला तरच राहतो, तोंड उघडले की पडतो. धावणाऱ्या मुलाला तोंडाने श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे हा गार्ड दर मिनिटाला त्याच्या श्वासाशी भांडणार. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून चावायचा. तो पहिल्यापेक्षा बरा. पण मूल तो चावते तेव्हा जोर किती लावावा हे त्याला कळत नाही. मऊ प्लास्टिक दाबले जाऊन दाढांवर आणि पटाशीच्या कडेवर पातळ होते, म्हणजे जिथे जाडी हवी तिथेच ती जाते. मागच्या दाढांपर्यंत तो बहुतेक पोचतही नाही. तिसरा प्रकार मापावर बनवलेला, ज्याबद्दल मी हे पत्र लिहीत आहे.

फरक केवळ संरक्षणाचा नाही. जे गार्ड नीट बसत नाही ते घातले जात नाही, हा खरा मुद्दा आहे. मुलाशी बोलून पाहा. ‘त्याने बोलता येत नाही’, ‘उमासा येतो’, ‘सारखे पडते’ अशी कारणे येतात. मोठ्यांना ती सबबी वाटतात, पण ती गार्डच्या बनावटीबद्दलची अचूक तक्रार असते. टाळूवर कड फार मागे गेली की उमासा येतो. कड जाड राहिली की जीभ अडखळते. ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या पातळ पट्टीसाठी खाच सोडली नाही तर तिथे घासून जखम होते. अशी एक-दोन सामन्यांची सवय मोडली, की गार्ड मोज्यात खोचले जाते आणि तिथून किटच्या तळाशी जाते. आईवडिलांना वाटते मुलाकडे गार्ड आहे. प्रत्यक्षात ते दातांवर नसते.

मापाचे गार्ड कसे तयार होते तेही थोडक्यात सांगते, कारण ते पाहिले की पालकांना मागणी काय करायची हे कळते. डेंटिस्ट वरच्या दातांचे माप घेतात, अल्जिनेटच्या लगद्यात ट्रे दाबून किंवा स्कॅनर फिरवून. खालच्या दातांचे आणि दोन्ही कसे मिटतात त्याचेही माप लागते. आम्ही त्यात प्लास्टर ओतून मुलाच्या दातांची हुबेहूब प्रतिकृती काढतो. मग ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची शीट यंत्राच्या चौकटीत पकडायची, वर हीटर. शीट तापते, चकाकते आणि हळूहळू मध्यभागी खाली लोंबू लागते. ती किती लोंबली की खाली सोडायची, हे सरावाने कळते. लवकर सोडली तर दातांच्या फटींत उतरत नाही, उशीर झाला तर कडांवर ताणून पातळ होते. योग्य क्षणी ती प्रतिकृतीवर आणून निर्वात यंत्राने ओढायची किंवा हवेच्या दाबाने बसवायची. ४ मिलिमीटरची शीट घेतली तरी ओढल्यावर पटाशीच्या कडेवर तेवढी जाडी उरत नाही. म्हणून धोक्याच्या खेळांसाठी दाबाच्या यंत्रावर दोन थर एकावर एक चढवतात. पुढच्या बाजूला आणि चावण्याच्या पृष्ठभागावर किमान ३ मिलिमीटर जाडी राहावी, एवढी अपेक्षा पालकांनी आणि प्रशिक्षकांनी जरूर ठेवावी. दोन थरांच्या मध्ये मुलाचे नाव घालता येते. संघाच्या पिशवीत पंधरा गार्ड एकत्र पडतात तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

यानंतरचे काम वेळखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचे. गार्ड पूर्ण थंड होईपर्यंत प्रतिकृतीवरच ठेवायचे, घाईने काढले तर आकार बिघडतो. मग कड कापायची. हिरडी आणि गाल जिथे मिळतात त्या खोबणीच्या थोडे अलीकडे थांबायचे, पट्टीची खाच सोडायची, टाळूकडची कड पातळ करून मऊ करायची. शेवटी खालच्या प्रतिकृतीशी मिटवून पाहायचे. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा एकाच वेळी, सारख्या टेकल्या पाहिजेत. एकच दाढ आधी टेकली तर अर्ध्या तासात जबड्याच्या सांध्यात ठणका लागतो आणि मूल गार्ड काढून टाकते. कारण विचारले तर त्याला सांगताही येत नाही.

गार्ड हातात आले की पालकांनी घरीच एक परीक्षा घ्यावी. मुलाला ते घालून तोंड मोठे उघडायला सांगा, ते जागेवर राहिले पाहिजे. जिभेने खाली ढकलायला सांगा, सहज निघता कामा नये. दोन-चार वाक्ये मोठ्याने बोलायला सांगा, मैदानात सहकाऱ्याला हाक मारता यायला हवी. पाणी पिता आले पाहिजे. यात कुठे अडले तर गार्ड परत पाठवा. कड अर्धा मिलिमीटर घासून सुटणाऱ्या तक्रारी असतात आणि लॅबला त्याचा राग येत नाही.

पालकांचा सर्वांत रास्त प्रश्न असतो तो वाढीचा. मुलाचे दुधाचे दात पडत आहेत, नवे येत आहेत, आज बनवलेले गार्ड किती दिवस चालणार? साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत तोंडात सतत अदलाबदल चालू असते, हे खरे. यावर उपाय आहे. प्रतिकृतीवर येऊ घातलेल्या दाताच्या जागी आम्ही थोडे प्लास्टर चढवून जागा मोकळी ठेवतो, म्हणजे दात खाली येताना गार्ड त्याला अडवत नाही. तारा लावलेल्या मुलांसाठीही ब्रॅकेटभोवती अशीच जागा सोडतात, नाहीतर दात सरकणार कसे? तरीही या वयात गार्ड वर्षातून एकदा तपासून बहुधा बदलावे लागते, आणि तारा लावलेल्यांचे त्याहून लवकर. अदलाबदल फारच जोरात असेल तर त्या काही महिन्यांसाठी, डेंटिस्टच्या देखरेखीखाली तोंडात बसवलेले गरम पाण्याचे गार्ड वापरणे काहीच न वापरण्यापेक्षा केव्हाही चांगले. मापाच्या गार्डचा मी आग्रह धरते, पण ते मिळेपर्यंत मुलाने उघड्या दातांनी खेळावे असे मला अजिबात म्हणायचे नाही.

खर्चाचे म्हणाल तर गार्ड वर्षातून एकदा. दात गेला तर प्लेट, ती वाढीबरोबर बदलणे, पुढे हाड भरणे, इम्प्लांट, त्यावरची कॅप, आणि तीही आयुष्यात पुन्हा बदलावी लागण्याची शक्यता. शिवाय संपूर्ण संघाचे माप एका दिवशी शाळेत घेतले, तर डेंटिस्टचा आणि लॅबचा दोघांचाही वेळ वाचतो आणि खर्च खाली येतो.

गार्ड ही नवी कल्पना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउस बॉक्सरच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या बसवत असत. १९२७ मध्ये जॅक शार्कीविरुद्ध लढताना माइक मॅकटीग या बॉक्सरचा ओठ स्वतःच्याच तुटक्या दाताने फाटला आणि त्याला ती लढत गमवावी लागली, त्यानंतर बॉक्सिंगमध्ये गार्डचा वापर झपाट्याने रुळला. आज रिंगमध्ये गार्डशिवाय कोणी उतरत नाही. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत लाल रंगाचे गार्डसुद्धा चालत नाही, कारण रक्त आले तर पंचांना दिसले पाहिजे. अमेरिकेत शालेय फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या तिथल्या अंगावर धावून जाण्याच्या खेळात, १९६२ पासून आणि महाविद्यालयीन पातळीवर १९७३ पासून गार्ड सक्तीचे आहे.

मला सर्वांत पटणारे उदाहरण न्यूझीलंडच्या रग्बीचे आहे. तिथे १९९७ मध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंना आणि १९९८ मध्ये देशांतर्गत सर्व पातळ्यांवर गार्ड सक्तीचे केले. तिथे अपघातांची भरपाई एक सरकारी योजना देते, त्यामुळे दाव्यांची नोंद राहते. १९९५ मध्ये रग्बीतल्या दातांच्या दुखापतींचे २,६४४ दावे आले होते. २००३ पर्यंत ते ४३ टक्क्यांनी घटले. गार्ड घालण्याचे प्रमाण १९९३ मध्ये ६७ टक्के होते, ते २००३ मध्ये ९३ टक्के झाले. हे आकडे वाचताना मला एक गोष्ट जाणवते. नियम येण्याआधीही तिथे दर तिघांपैकी दोघे गार्ड घालत होते, म्हणजे माहिती नव्हती असे नाही. राहिलेल्यांना ते घालायला लावले ते नियमाने, पंचाच्या एका नजरेने.

हॉकीचे आंतरराष्ट्रीय नियम मैदानी खेळाडूंना शिनगार्ड, घोट्याचे संरक्षण आणि तोंडाचे संरक्षण वापरण्याची शिफारस करतात. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात, एकाच वजनाने आहेत. मग शिनगार्ड सगळ्यांच्या पायावर आणि गार्ड मोजक्यांच्या तोंडात, असे का? नडगी मोडली तर ती जुळते. पडलेला दात जुळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, क्रिकेटचाही जवळजवळ तेवढाच. दोन्ही कडक. क्रिकेटमध्ये फलंदाजाला हेल्मेटची जाळी असते, पण जवळच्या क्षेत्ररक्षकाला आणि सरावात अंगावर झेल घेणाऱ्या मुलाला काय असते?

शिवाय चेंडू कडक नसलेल्या खेळांकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेने, एफडीआयने, खेळांची विभागणी करताना हॉकी, रग्बी, मार्शल आर्ट्स, स्केटिंग यांना जास्त धोक्याच्या गटात ठेवले आहे आणि बास्केटबॉल, फुटबॉल, हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स यांना मध्यम धोक्याच्या. बास्केटबॉलमध्ये रीबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, दोघे उडी मारतात आणि उतरताना एकाचे कोपर दुसऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. फुटबॉलमध्ये हेडरला डोके डोक्याला भिडते. कबड्डीत पकड करताना गुडघा आणि टाच कुठे लागेल ते सांगता येत नाही. या मुलांना गार्ड घाला असे कोणी सुचवतच नाही.

आणि सामन्यापुरते नाही, सरावालाही. आठवड्यातले खेळाचे बहुतेक तास सरावात जातात, तिथे पंच नसतो, मुले दमलेली असतात आणि एकमेकांवर आदळतात. शिवाय जे मूल सरावात गार्ड घालत नाही, त्याला सामन्यात ते तोंडात परके वाटणारच.

प्रशिक्षकांना एक गोष्ट माहीत असायलाच हवी, कारण गार्ड असो वा नसो, एखाद्या दिवशी दात मुळासकट बाहेर पडतो. त्या क्षणी जे होते त्यावर तो दात वाचणार की नाही हे ठरते. दात शोधा. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका, कारण मुळाच्या पृष्ठभागावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो आणि दात पुन्हा हाडाला धरतो तो त्याच्या जोरावर. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा क्षणभर गार वाहत्या पाण्याखाली धरा. घासू नका, रुमालाने पुसू नका. कायमचा दात असेल आणि मूल शुद्धीत, शांत असेल, तर तो लगेच त्याच खाचेत सरळ बसवा, मुलाला स्वच्छ रुमाल दातांखाली हलकेच धरायला सांगा आणि डेंटिस्टकडे निघा. बसवणे जमत नसेल तर दात दुधात टाका. दूध नसेल तर मुलाच्याच लाळेत किंवा सलाइनमध्ये. साध्या पाण्यात ठेवू नका, त्यात त्या पेशी फुगून फुटतात. कोरड्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवणे सर्वांत वाईट. कोरडा राहिलेला दात तासाभराने बसवला तरी काही काळ दिसायला राहतो, पण पुढे हाड त्याचे मूळ हळूहळू खाऊन टाकते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. तुटलेला तुकडा सापडला तर तोही ओला ठेवून सोबत न्या, अनेकदा तोच चिकटवता येतो. प्रत्येक संघाच्या प्रथमोपचार पेटीत सलाइनची बाटली आणि झाकणाची स्वच्छ डबी ठेवायला काय हरकत आहे?

गार्डची निगा मुलांनीच राखायची असते, ती त्यांना शिकवावी. खेळ संपला की गार पाण्याने धुवायचे, ब्रशने साफ करायचे, भोके असलेल्या डबीत कोरडे ठेवायचे. गरम पाणी नको, उन्हात तापलेल्या गाडीत नको, आकार जातो. दुसऱ्याचे वापरायचे नाही. आणि चघळायचे नाही. स्टीफन करीसारखा मोठा अमेरिकी बास्केटबॉलपटू फ्री थ्रो घेताना गार्ड ओठाबाहेर काढून चावत उभा राहतो, मुले तेच उचलतात. चघळलेल्या गार्डच्या दाढांवर भोके पडतात, कड फाटते. असे गार्ड परत आमच्याकडे आले की दुरुस्त होत नाही, नवेच करावे लागते.

आता काय व्हावे, ते लिहिते. संपादक महोदय, आपण शालेय खेळांना इतकी जागा देता, त्यात हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या डेंटिस्टकडून या विषयावर लिहून घ्यावे आणि पडलेल्या दाताचे काय करायचे तेवढी चौकट ठळक छापावी. प्रशिक्षक ती कापून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवू शकतील. गार्ड घातलेल्या खेळाडूचा फोटो हाती आला तर तो जरूर वापरावा. मुले मोठ्यांच्या सांगण्यापेक्षा फोटोतल्या खेळाडूचे लवकर ऐकतात.

शाळांना आणि स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती वेगळी आहे. प्रवेश अर्जावर वयाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मागता, त्याच्याच खाली एक रकाना वाढवा: ‘माउथगार्ड मापावर बनवले आहे का, कधी बनवले?’ वर्षापेक्षा जुने असेल तर डेंटिस्टची तपासणी मागा. सामना सुरू होण्याआधी पंच बुटांचे स्टड आणि शिनगार्ड पाहतात तेव्हा तोंडही पाहावे. ज्या मुलांच्या घरी हा खर्च पेलवत नाही, त्यांचे गार्ड संघाच्या खर्चात धरावे. जर्सीचा खर्च जसा धरतो, तसाच. पहिल्या वर्षी फक्त हॉकी आणि मार्शल आर्ट्सपासून सुरुवात केली तरी चालेल, बास्केटबॉल आणि फुटबॉल पुढच्या वर्षी घ्यावेत.

एक व्यवहाराची सूचना करून थांबते. माप घेतल्यापासून गार्ड हाती येऊन, घालून पाहून, कड दुरुस्त होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे सहज जातात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पालक धावत येतात, तेव्हा आमच्या हाती काहीच नसते. संघाची निवड जाहीर होते त्याच आठवड्यात मापे घ्यावीत, म्हणजे पहिल्या सामन्याआधी मुलांना सरावात गार्डची सवय व्हायला पुरेसे दिवस मिळतील.

आपली,
दातांच्या लॅबमधील एक टेक्निशियन